तुनहुआंगच्या वाटेवर ऐकलेल्या गोष्टी

चीनला जायचे ते लेणी पाहायला, एवढेच आमच्या मनात होते. मुलांच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे असे घरून निघताना कोणी ठरवले नव्हते. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या विहारातील आम्ही चौदा जण निघालो. कोणी गिरणीतून निवृत्त झालेले, कोणी महापालिकेत सफाई खात्यात काम केलेले, दोघी दवाखान्यातल्या आया, एक शिंपीकाम करणारी भगिनी. पाच वर्षे भिशी लावून पैसे साठवले होते. ज्या देशात इथून धम्म गेला तो देश एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा.

आमच्याबरोबर एक चिनी दुभाषी बाई होती. बीजिंगला हिंदी शिकलेली. पहिल्या दिवशी आम्ही तिला मॅडम म्हणालो, दुसऱ्या दिवसापासून ताई म्हणू लागलो, आणि ‘ताई’ म्हणजे मोठी बहीण हे कळल्यावर तीही आमच्यातल्या बायकांना ताई म्हणू लागली. तिला स्वतःला लहान मुलगी होती. त्यामुळे वाटेत कुठे लहान मूल बोलताना दिसले की ती थांबायची, ऐकायची आणि आम्हाला सांगायची. या लेखात जे आहे ते बरेचसे तिच्या कानांनी ऐकलेले आहे.

शिआन : तीन वर्षांचा मुलगा

शिआनमध्ये मोठा हंस पॅगोडा आहे. ह्युएन त्सांग भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन इ.स. ६४५ मध्ये परत गेला. ते ग्रंथ जपून ठेवण्यासाठी इ.स. ६५२ मध्ये हा पॅगोडा उभारला गेला. आज त्याचे सात मजले आहेत. हा तोच प्रवासी, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याने वर्णन केलेली डोंगरातली लेणी म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पॅगोड्यासमोरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. आम्ही त्यापुढे हात जोडून उभे होतो, तेव्हा शेजारी एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभी होती. मुलगा तीन वर्षांचा असेल.

आजी विचारत होती, “हे कोण?” मुलगा म्हणाला, “भिक्खू.” “हातात काय?” “काठी. मोठी काठी.” “कुठे चालले?” मुलगा गप्प. मग आजीनेच सांगितले, “पश्चिमेला चालले. मग?” मुलाने शेवटचा शब्द उचलला, “पश्चिमेला!” गोष्ट अशी सुरू झाली होती. सांगत होती आजी, आणि मूल एकेक वीट आणून देत होते.

तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट बहुतेक अशीच असते. समोर दिसते त्याचे नाव घ्यायचे आणि पुढच्या वस्तूकडे वळायचे. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०१२ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एक मार्गदर्शिका काढली. त्यात वयानुसार अपेक्षा दिल्या आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाने चित्रात काय आहे, काय घडले ते सांगावे. चार-पाच वर्षांच्याने ओळीने असलेली चित्रे पाहून गोष्ट साधारणपणे सांगावी. पाच-सहा वर्षांच्याने अर्धी गोष्ट ऐकून पुढची स्वतः रचावी. ताईने हे सांगितले तेव्हा आमच्यातले एक काका म्हणाले, “म्हणजे आधी विटा, मग भिंत, मग घर.” त्यांनी बांधकामावर तीस वर्षे काढली होती.

तेवढ्यात त्या आजीने आम्हाला दुसरीच गोष्ट सांगायला घेतली. ती नातवाचीच होती. परवा त्याने शेजारच्या मुलीच्या हातातला पाव ओढून घेतला, ती रडली, मग त्याला माफी मागायला लावली. मुलगा कडेवर बसून सगळे ऐकत होता. आजी थांबली की तो शेवट पुरा करायचा, “मग दिला परत!” आमच्यातल्या बायकांना ते जरा खटकले. परक्या माणसांसमोर लेकराच्या खोड्या कशाला सांगायच्या?

ताई म्हणाली, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. पुढे वाचनात आले की पेगी मिलर या अमेरिकन अभ्यासिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तैवानमधील तायपेई आणि अमेरिकेतील शिकागो इथल्या कुटुंबांत जाऊन हेच टिपले. तायपेईच्या चिनी घरांत अडीच वर्षांच्या मुलासमोर त्याच्या चुकांच्या गोष्टी पुष्कळदा सांगितल्या जात, त्यातून शहाणपण शिकवण्यासाठी. शिकागोच्या घरांत मुलाची बाजू सावरून घेत गंमतीच्या गोष्टी जास्त सांगत. दोन्हीकडे मूल स्वतःचीच गोष्ट ऐकत मोठे होत होते. पण तिच्यातला ‘मी’ निराळा होता. चारचौघांत लाजवणे आम्हाला आजही पटत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. त्या आजीने नातवाला घडलेले क्रमाने मांडायला शिकवले होते. आधी काय झाले, मग काय झाले, शेवटी काय झाले.

ती आजी शिआनच्या गावाकडची बोली बोलत होती. ताईला काही शब्द दोनदा विचारावे लागले. शाळेत मात्र प्रमाण चिनी चालते, तसा २००१ पासून लागू झालेला कायदाच आहे. मुलगा वर्षभरात बालवाडीत जाईल, तिथे आजीचे शब्द निराळे ठरतील. आमच्यापैकी प्रत्येकाला हे दुखणे ओळखीचे होते.

आगगाडी : पाच वर्षांचा मुलगा आणि पाच वेळा ‘ता’

शिआनहून तुनहुआंगला आम्ही आगगाडीने गेलो. जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र लागली. शेतांमागून उघडे डोंगर आले, मग वाळवंट. समोरच्या बाकावर आईबरोबर पाच वर्षांचा मुलगा होता. हातात चित्रांचे पुस्तक, आईला शोधणाऱ्या बेडकाच्या पिलांचे. ही गोष्ट चीनमध्ये घरोघरी माहीत आहे. १९६० मध्ये शांघायला तिच्यावर शाईच्या चित्रांचा चित्रपटही निघाला. पिले आईला शोधत फिरतात. मोठे डोळे दिसले म्हणून माशाला आई समजतात, चार पाय दिसले म्हणून कासवाला आई समजतात, आणि शेवटी खरी आई भेटते.

मुलगा ताईला गोष्ट सांगू लागला. आम्हाला चिनी कळत नव्हते, पण दोन शब्द सारखे कानावर येत होते, ‘रानहौ’ आणि ‘ता’. आम्ही विचारले तेव्हा ताई हसली. ‘रानहौ’ म्हणजे ‘मग’. आपली मुले म्हणतात ना, मग असं झालं, मग तसं झालं, मग घरी आलो? तेच. जगातले कुठलेही मूल ‘मग’च्या दोरीत मणी ओवत असते. ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’ हे शब्द गोष्टीत हळूहळू येतात.

‘ता’ची कथा मोठी आहे. चिनी बोलण्यात तो, ती आणि ते या तिघांसाठी एकच शब्द, ‘ता’. लिहिताना अक्षरे वेगळी, कानाला मात्र एकच. आपल्याकडे क्रियापद मदतीला येते. आला, आली, आले म्हटले की निम्मे कळते. चिनी क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही आणि काळाप्रमाणेही बदलत नाही. काम झाले हे दाखवायला ‘ल’ असा छोटा शब्द लागतो, तो मुले दोन वर्षांच्या आसपास वापरू लागतात. आणि कोणाबद्दल चालले आहे ते कळत असेल तर चिनी माणूस ‘ता’सुद्धा गाळतो. “आला, बसला, जेवला,” एवढेच. मोठ्यांचे यात अडत नाही. लहान मुलाचे अडते, कारण ऐकणाऱ्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे त्याला अजून उमगलेले नसते.

मुलगा म्हणत होता, ‘ता’ पोहत आला, ‘ता’ म्हणाला मी नाही, मग ‘ता’ गेला. पुस्तक त्याच्या मांडीवर, बोट चित्रावर. त्याला वाटत होते, मला दिसते ते सगळ्यांना दिसते. मग ताईने एक गोष्ट केली. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “मला चित्र दिसत नाही. तू सांग, मी पाहते.”

मुलगा थबकला. पुस्तकाकडे पाहिले, ताईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिले. मग सावकाश म्हणाला, “एक कासव आहे. कासव म्हणालं, मी नाही तुमची आई.”

माया हिकमन या अभ्यासिकेने इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि चिनी मुलांच्या गोष्टी तुलना करून पाहिल्या. त्यावरचे तिचे पुस्तक २००३ मध्ये आले. ऐकणाऱ्याला चित्र दिसत नसताना गोष्टीत नवे पात्र नीट ओळख करून देऊन आणायचे, हे चारही भाषांतल्या मुलांना उशिरा जमते, साधारण सहा-सात वर्षांनंतर. चिनी भाषेत ही ओळख करून देण्याच्या दोन युक्त्या आहेत. पहिली, ‘एक’ म्हणून त्यापुढे मोजणीचा शब्द लावायचा. आपण केळ्यांचा घड, भाकरीची चवड म्हणतो ना, तसा तिथे प्रत्येक वस्तूला शब्द लागतो. गुराढोरांना ‘थौ’, घोड्याला ‘फी’, लांबट वस्तूला ‘थ्याव’. लहान मुले सगळ्यांना ‘ग’ हा एकच शब्द लावून मोकळी होतात, मग हळूहळू एकेक शिकतात. दुसरी युक्ती शब्दाच्या जागेची. “ख-रन लाय ल” म्हणजे ज्याची वाट पाहत होतो तो पाहुणा आला. “लाय ख-रन ल” म्हणजे कोणी पाहुणा आला बुवा! शब्द तेच, फक्त पाहुणा मागे गेला. नवा माणूस वाक्याच्या दारातून एकदम आत येत नाही, क्रियापदामागून येतो. ही दुसरी युक्ती मुलांना पहिलीपेक्षाही उशिरा साधते.

हे ऐकत असताना आमच्या पोटात कालवले. आम्हाला आमची नात आठवली.

जुलैमधली गोष्ट. नात पहिलीत. वर्गातली एक रंगपेटी हरवली आणि ती तिच्या दप्तरात सापडली. बाईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “तिनं ठेवली. मग ती म्हणाली सांगू नको. मग तिनं सांगितलं. माझ्याकडं नव्हती, तिच्याकडं व्हती.” बाई म्हणाल्या, “ती-ती काय लावलंयस? कोण ती? आणि ‘व्हती’ नाही, ‘होती’ म्हण.” ‘होती’ म्हणता म्हणता तिला रडू आले आणि रंगपेटीची चोरी तिच्या नावावर लागली. घरी आम्हीही तिला धड विचारले नाही. वस्तीतल्या मुलांवर असा आळ नवा नसतो, पोरीला शिकवू म्हणून तिलाच रागावलो. आगगाडीत बसून आम्हाला कळले, तिच्या गोष्टीत तीन वेगवेगळ्या मुली होत्या आणि तिघींचे नाव ‘ती’ होते.

तुनहुआंग : नऊ रंगांचे हरिण

तुनहुआंग गावापासून मोगाव लेणी सुमारे २५ किलोमीटर. इ.स. ३६६ मध्ये एका भिक्खूने इथे पहिली गुहा कोरली असे सांगतात, पुढे हजार वर्षे काम चालले. चित्रे आणि मूर्ती असलेल्या ४९२ गुहा आहेत. आत फोटो काढता येत नाही. मार्गदर्शक विजेरीचा झोत टाकते तेवढाच भाग उजळतो. एक चेहरा, एक हात, एक घोडा. आमच्यातल्या एका आजींनी अंधारातच त्रिशरण म्हटले.

२५७ व्या गुहेतल्या एका चित्राची प्रत गावात जागोजागी विकायला असते. लांब आडवी पट्टी, त्यावर पांढऱ्या अंगाचे, रंगीत ठिपक्यांचे हरिण. चित्र उत्तर वेई राजवटीच्या काळचे, म्हणजे जवळपास अजिंठ्याच्या उत्तरकाळातल्या लेण्यांइतके जुने. गोष्ट पाहिली तर आपलीच, रुरु जातक. भारहूतच्या दगडी कठड्यावर ती त्याहूनही कितीतरी आधी कोरलेली आहे. १९८१ मध्ये शांघायला तिच्यावर बोलपट निघाला, त्यामुळे चीनमधल्या मुलांना ती पाठ असते. जातकांमधला पूर्वजन्म आम्ही शब्दशः घेत नाही. त्यातली नीती घेतो.

रात्री बाजारात आम्ही शेवया खायला बसलो. दुकानदारिणीची मुलगी आठ वर्षांची, तिथेच गृहपाठ करत होती. आम्ही विकत घेतलेली पट्टी पाहून ती म्हणाली, “मी सांगू?” आणि उभी राहिली. तिकडच्या शाळेत पहिलीपासून ‘चित्र पाहा आणि बोला’ असा सराव असतो, त्यामुळे तिला संकोच नव्हता.

ती डाव्या टोकापासून निघाली. फार फार वर्षांपूर्वी नदीत एक माणूस बुडत होता. एक हरिण आले, त्याला पाठीवर घेऊन काठावर आणले. माणसाने गुडघे टेकले. हरिण म्हणाले, मी कुठे राहतो ते कोणाला सांगू नकोस. इथे ती थांबली आणि उड्या मारत पट्टीच्या उजव्या टोकाला गेली. “आता इकडून,” ती म्हणाली. “कारण इकडे राजवाडा आहे.” राणीला हरणाचे कातडे हवे होते. राजाने बक्षीस लावले. माणसाला वाटले, मी श्रीमंत होईन. त्याने सांगून टाकले. त्याच्या अंगाला फोड आले. राजा फौज घेऊन निघाला. आणि मुलीचे बोट दोन्हीकडून सरकत मध्यावर आले. तिथे हरिण राजासमोर उभे आहे. “पाहा,” ती म्हणाली, “ते वाकलेले नाही. ताठ उभे आहे. त्याने जे झाले ते सगळे राजाला सांगितले. राजाला लाज वाटली.”

चित्रकाराने गोष्ट दोन्ही टोकांकडून रंगवून मध्ये आणली आहे, ती डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येत नाही. त्या मुलीने मनात ती उलगडली, काळाच्या ओळीने लावली आणि आम्हाला कुठे वळायचे तेही सांगितले. माणसाला काय वाटले, राजाला काय वाटले, हेही सांगितले. तीन वर्षांचे मूल काठी म्हणते. पाच वर्षांचे ‘मग’ म्हणते. आठ वर्षांचे मूल ‘कारण’ म्हणते आणि दुसऱ्याच्या मनातले बोलते. तिची आई मध्ये काही शिकवत नव्हती. कढईत शेवया हलवत फक्त विचारत होती, “आणि मग?”

मोगावच्या १७ व्या गुहेत १९०० मध्ये हजारो जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांत ‘प्येनवन’ नावाच्या गोष्टी आहेत. थोडे गद्य, थोडे पद्य, लोकांच्या बोलीत. चित्र दाखवत लोकांना बुद्धाच्या कथा सांगण्याच्या परंपरेतून त्या आल्या. चिनी बोलभाषेतल्या लिखित कथांची सुरुवात पुष्कळजण तिथून मानतात. चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची ही रीत भारतातून धम्माबरोबर तिकडे गेली असे अभ्यासक म्हणतात. आपल्या कोकणात पिंगुळीला चित्रकथी अजून आहेत. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात वेस्संतराची गोष्ट भिंतभर रंगवलेली आहे. तिथेही प्रसंग नेहमी ओळीने येत नाहीत. सांगणारा बरोबर लागतो.

परत आल्यावर

घरी आल्यावर त्याच रात्री आम्ही दिवा घालवला, नातीला शेजारी घेतले आणि म्हणालो, “आम्हाला तुझा वर्ग दिसत नाही. आम्ही डोळे मिटलेत. रंगपेटीचे काय झाले ते आम्हाला दिसेल असे सांग.” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या बाकावर एक मुलगी बसती.” आणि तिथून गोष्ट चालू लागली. बाकावरची मुलगी, मागच्या बाकावरची दुसरी, खिडकीजवळची तिसरी. रंगपेटी कोणी घेतली, भीतीने कोणाच्या दप्तरात टाकली, कोणी सांगू नको म्हटले, कोणी जाऊन सांगितले. आम्ही ‘व्हती’ दुरुस्त केले नाही. फक्त “आणि मग?” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कामावर अर्धी सुट्टी टाकून शाळेत गेले. बोलले मात्र ते नाहीत. बोलली ती. बाईंनी माफी मागितली नाही. पण त्या मुलींना बोलावून विचारले आणि चोरीचा शिक्का पुसला गेला.

आमच्या आयाबहिणींना आमचे हेच सांगणे आहे. मुलाला गोष्ट सांगता येणे ही करमणूक नव्हे. आज शाळेत बाईंसमोर, उद्या साहेबासमोर, परवा पोलीस चौकीत आणि कोर्टात, काय घडले ते क्रमाने आणि नाव घेऊन ज्याला सांगता येते त्याचेच ऐकले जाते. बाबासाहेबांनी लहानपणी मसूर स्टेशनवर उतरल्यापासून गोरेगावपर्यंतच्या प्रवासात काय काय सोसले, ते पुढे स्वतः लिहून ठेवले. किती वाजता, कोण आले, काय म्हणाले, पाणी कोणी दिले नाही. त्यात कुठे आरडाओरडा नाही. घडले तसे सांगितले आहे, म्हणूनच ते वाचणाऱ्याला आजही उत्तर सापडत नाही.

यासाठी पुस्तके घ्यायला पैसे लागत नाहीत. अक्षर न शिकलेल्या आजीलाही हे येते. भाकरी थापताना विचारा, आज काय झाले. ‘तो’ म्हटले की विचारा, कोण तो. ‘मग’ म्हटले की थांबा, घाई करू नका. बोली दुरुस्त करायला शाळा आहे, घरी आधी गोष्ट पुरी होऊ द्या. चूक झाली असेल तर तीही त्याच्याच तोंडून येऊ द्या, चारचौघांत नको.

आमच्या विहारात आता दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मुलांचा असतो. तुनहुआंगहून आणलेली हरणाची पट्टी भिंतीवर लावली आहे. एक मूल पुढे येते, आम्ही म्हातारी माणसे डोळे मिटून बसतो. मागच्या रविवारी एक चार वर्षांचा मुलगा उठला, हरणाकडे बोट करून म्हणाला, “हे,” आणि थांबला. सगळे विहार मिनिटभर शांत होते. मग त्याच्या आजीने हळूच विचारले, “मग?”

जय भीम!